सर्दी झालीये? मग गोरिला बघायला जाऊ नका!

पर्वतीय गोरिला जगात जेमतेम हजारभर उरलेत, तेही फक्त युगांडा, रवांडा आणि काँगोच्या डोंगराळ जंगलांत. बघायचे तर त्यांच्याच घरी जावं लागतं.

लोक विचारतात, गोरिला अंगावर येईल का? मला उलटी काळजी वाटते. आपला आणि त्यांचा डीएनए साधारण ९८ टक्के जुळतो. आपल्याला किरकोळ वाटणारा खोकला त्यांच्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून मास्क लावा, १० मीटर अंतर ठेवा. अंगात कणकण असेल, तर १५०० डॉलरचा रवांडाचा परवाना हातात असला तरी खरं सांगा आणि मागे थांबा.

एका कुटुंबाला दिवसातून ८ पर्यटक भेटतात, एकच तास. जवळ पोचल्यावर वाटाडे घशातून खोल ‘म्म्हंऽम’ असा आवाज काढतात. ‘आम्ही त्रास द्यायला आलो नाही’ हे गोरिलांच्याच भाषेत सांगणं! रुपेरी पाठीचा म्होरक्या चाल करून आलाच, तर पळू नका. खाली बसा, नजर झुकवा. कॅमेऱ्याचा फ्लॅश निघण्यापूर्वीच बंद करा, आणि म्होरक्या शांत झाला की त्याचं नाक बघा: त्यावरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या असतात, त्यावरूनच त्यांना ओळखतात.