जड फाइल आणि अडून बसलेला प्रिंटर

आता गावोगावी बचत गटांनी झेरॉक्स-प्रिंटची दुकानं काढली आहेत. कुठे ग्रामसंघाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आहे, कुठे पापड-मसाल्याची लेबलं गटातल्या बायका स्वतःच छापतात. आम्ही पाचजणीही असंच एक दुकान चालवतो. आज बोलायचं आहे ते एकाच अडचणीबद्दल, कारण तिच्यापायी गटाचे पैसे उगाच जातात. सातबारा निघतो, आधार कार्डाची प्रत निघते, पण फोटो घातलेला मोठा अहवाल किंवा कर्जाचा प्रस्ताव टाकला की प्रिंटर अडून बसतो. दिवा लुकलुकत राहतो, अर्धंच पान बाहेर येतं, नाहीतर पडद्यावर इंग्रजीत ‘एरर’ येतो. मग ‘मशीन बिघडलं’ म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तो येतो, मशीन बंद करून चालू करतो, साधं पान काढून दाखवतो आणि येण्या-जाण्याचे पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल, तोच एरर.

अशा वेळी मशीन बहुतेक धडधाकट असतं. त्याला फाइल झेपत नसते. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि दुसऱ्याचं औषध आपल्या हातात आहे.

फाइल झेपत नाही म्हणजे काय होतं, ते आधी बघू. प्रिंटरला अक्षर कळत नाही की फोटो कळत नाही. त्याला फक्त ठिपके कळतात. आपण ‘प्रिंट’ म्हटलं की अख्ख्या पानाचे ठिपके करावे लागतात. ते काम काही प्रिंटरमध्ये मशीन स्वतः करतं, काही स्वस्त प्रिंटरमध्ये कॉम्प्युटर करून देतो. एका इंचात ६०० ठिपके धरले तर ए-फोर कागदावर जवळजवळ साडेतीन कोटी ठिपक्यांची जागा होते. नुसत्या काळ्या-पांढऱ्या पानालाही त्यासाठी चार एमबीहून जास्त जागा लागते. आणि प्रिंटरची आठवण, म्हणजे मेमरी, आपल्या मोबाइलपेक्षा कितीतरी लहान असते.

त्यात फोटो आला की गणित बदलतं. आजच्या साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइलमध्ये तीन-चार एमबीचा दिसतो. पण तो दाबून ठेवलेला असतो. छापण्यासाठी उघडला की तोच ३६ एमबी होतो. साबुदाणा भिजवल्यावर वाटी पुरत नाही ना, तसं. अहवालाच्या एका पानावर असे चार फोटो असले तर काय होत असेल, ते तुम्हीच बघा.

लेझर प्रिंटरची आणखी एक गंमत आहे. त्यात कागद एकदा आत ओढला गेला की मध्येच थांबता येत नाही. ड्रम एका वेगानं फिरतो आणि ठिपके त्याला वेळेवर तयार मिळायलाच हवेत. तवा तापला आहे, आधीची पोळी उतरली आणि पुढची अजून लाटूनच झाली नाही, तर तवा काही वाट बघत नाही. लेझर प्रिंटरचं तेच होतं. ठिपके वेळेत आले नाहीत तर पान अर्धं निघतं आणि काही मशीनवर ‘पेज टू कॉम्प्लेक्स’, ‘प्रिंट ओव्हररन’ किंवा ‘मेमरी फुल’ असे शब्द येतात. शाईचा प्रिंटर मात्र एक ओळ मारून पुढच्या ओळीसाठी थांबू शकतो. म्हणून तो रखडत का होईना, पान पुरं करतो. आमच्या मते फोटोंचंच काम जास्त असेल तर गटानं शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा, आणि नुसत्या मजकुराची पानं जास्त असतील तर लेझर.

आता दुखणं कुठलं ते कसं ओळखायचं? आधी कॉम्प्युटरला हात न लावता मशीनवर एक साधी झेरॉक्स काढा. ती नीट निघाली तर मशीनला काही झालेलं नाही. मग कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडून एक ओळ टाइप करा, ‘आज बाजार आहे’ असं काहीही, आणि तिची प्रिंट काढा. ती निघाली म्हणजे केबलही ठीक आणि कॉम्प्युटरचं प्रिंटरशी बोलणंही ठीक. तरी अहवाल निघत नसेल तर दोष त्या फाइलचा. तीन मिनिटांचं काम आहे, आणि दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी ते करायचंच असा आमच्याकडे नियम आहे.

फाइलचा दोष आहे हे कळलं की पानं तोडून काढा. प्रिंटच्या खिडकीत ‘पेजेस’ असं लिहिलेलं असतं, तिथे १-५ लिहा, मग ६-१०. चाळीस पानांचा प्रस्ताव एका दमात निघाला नाही तरी पाच-पाच पानांनी बहुधा निघतो. आणि एखाद्याच पानाशी गाडी अडली तर चोर सापडला. त्या पानावर गावाचा नकाशा असतो, नाहीतर एकावर एक रंग चढवलेलं लेबल, नाहीतर कुणीतरी रंगीत स्कॅन करून चिकटवलेली पावती.

शेजारच्या गावातल्या एका गटाच्या सचिव ताई मसाला युनिटच्या कर्जाचा प्रस्ताव पेनड्राइव्हमध्ये घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. बँकेत द्यायचा तो शेवटचा दिवस होता. तालुक्याच्या एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की फाइलमध्ये व्हायरस आहे, प्रस्ताव परत टाइप करावा लागेल. पंचवीस पानं टाइप करून घेईपर्यंत बँक कुठली उघडी राहायला! आम्ही पानं तोडून काढली, तर एकविसाव्या पानापर्यंत सगळं सुरळीत निघालं. बाविसाव्यावर चक्की आणि पॅकिंग मशीनचे सहा फोटो होते. तेवढ्या फोटोंचं ओझं कमी केलं आणि पान निघालं. ताई दुपारच्या एस.टी.नं गेल्या आणि बँक बंद व्हायच्या आत प्रस्ताव देऊन पोच घेतली.

ओझं कमी करायचं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण इथे बऱ्याचजणी फसतात. वर्डमध्ये फोटोचा कोपरा धरून तो लहान केला की फोटो हलका झाला असं वाटतं. तसं होत नाही. नऊवारीची घडी घातली म्हणून तिचं वजन कमी होत नाही, फक्त ती लहान दिसते. तीन इंच रुंद फोटोला चांगल्या छपाईसाठी रुंदीत नऊशे ठिपके पुष्कळ झाले. मोबाइलच्या फोटोत चार हजार असतात. उभे-आडवे दोन्ही धरले तर गरजेच्या जवळजवळ वीसपट माल आपण मशीनच्या डोक्यावर देतो. वर्डमध्ये फोटोवर क्लिक केलं की वर ‘पिक्चर फॉरमॅट’ येतं, त्यात ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ असतं. तिथे २२० किंवा १५० निवडा. फोटो एकाच वेळी सगळे हलके करायचे असतील तर ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढून टाका. कापलेल्या भागाचीही तीच गोष्ट. फोटोची कड कापली तरी कापलेला तुकडा फाइलमध्ये लपून राहतो, म्हणून ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ला खूण ठेवा. हे सगळं फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवूनच करा, कारण हलका केलेला फोटो परत भारी होत नाही.

स्कॅन करतानाच हात आवरला तर पुढचा त्रासच होत नाही. पावत्या, ठराव, सह्यांची पानं काळ्या-पांढऱ्यात आणि ३०० वर स्कॅन करा. ६०० वर केलं तर ठिपके दुप्पट नाही, चौपट होतात आणि वाचायला काही फरक पडत नाही.

पीडीएफ असेल तर वेगळी युक्ती आहे. ती ब्राउझरमध्ये उघडली असेल तर आधी सेव्ह करा आणि ॲडोबी रीडरमध्ये उघडा. प्रिंटच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ दाबलं की ‘प्रिंट ॲज इमेज’ असा पर्याय दिसतो, त्याला खूण करा. मग पान प्रिंटरकडे एक सरळ चित्र म्हणून जातं आणि किचकट काम कॉम्प्युटर उरकतो. वेळ थोडा जास्त लागतो. पण अडलेली पीडीएफ यानं बरेचदा निघते. पडद्यावर मराठी नीट दिसतं आणि कागदावर जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन येतात, त्यावरही हाच उपाय. मात्र पडद्यावरच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर तो दोष फॉन्टचा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तसाच दिसतो. ज्यानं टाइप केलं त्याच्याकडूनच पीडीएफ करून मागवा.

मध्येच अडलं की आपण काय करतो? पुन्हा ‘प्रिंट’ दाबतो. मग पुन्हा. आलेलं गिऱ्हाईक घाई करत असतं, तेव्हा हात आपोआप तिकडे जातो. पण प्रत्येक वेळी तीच जड फाइल रांगेत उभी राहते आणि मशीन सुटलं की त्याच पानाच्या पाच प्रती बाहेर पडतात. कागद आपला, टोनर आपला. त्याऐवजी आधी प्रिंटरमधला कागद काढून घ्या, कॉम्प्युटरवर प्रिंटची रांग उघडून सगळी कामं ‘कॅन्सल’ करा, प्रिंटर बंद करून मिनिटभरानं चालू करा, मग कागद भरा. मध्येच लाइट गेली असेल तर हे करायलाच हवं. नाहीतर अर्धवट राहिलेल्या कामाचं शेपूट निघतं आणि विचित्र चिन्हांनी भरलेली पानांमागून पानं वाया जातात.

रांगेतलं काम ‘डिलीटिंग’ म्हणत तिथेच चिकटून राहिलं, तर विंडोजमध्ये शोधायच्या जागी ‘सर्व्हिसेस’ लिहून ती यादी उघडा. त्यात ‘प्रिंट स्पूलर’ सापडेल. त्यावर उजवं क्लिक करून ‘स्टॉप’ करा, क्षणभर थांबून ‘स्टार्ट’ करा. कधी कधी अडचण याहून साधी असते. प्रिंटची फाइल आधी सी ड्राइव्हवर उतरते, तो ड्राइव्ह गाण्यांनी आणि व्हिडिओंनी भरलेला असेल तर तिला उतरायला जागाच नसते. दोन-तीन जीबी मोकळी ठेवा.

गटाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक. दहा ओळींचा हिशोब आणि प्रिंट म्हणते तीनशे पानं, असं झालं तर खाली कुठेतरी रिकाम्या चौकटींना रेघा मारलेल्या असतात. हवा तेवढाच भाग निवडून ‘प्रिंट सिलेक्शन’ करा. आणि ‘प्रिंट’ दाबायच्या आधी खाली पानांचा आकडा बघायची सवय लावून घ्या.

कागदाचा आकारही बघा. फाइलमध्ये ‘लेटर’ किंवा ‘लीगल’ आणि ट्रेमध्ये ए-फोर असेल, तर मशीन नुसतं दिवा लावून वाट बघत बसतं. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

एवढं करूनही झेरॉक्सवर काळे पट्टे येत असतील, कागद वारंवार अडकत असेल, जळका वास येत असेल, तर मात्र मशीन बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवा. फोनवर ‘प्रिंटर चालत नाही’ एवढंच म्हणू नका. झेरॉक्स निघते का, नोटपॅडची ओळ निघते का, पडद्यावर कोणता शब्द किंवा आकडा आला, हे तिन्ही वहीत लिहून वाचून दाखवा. कोणता पार्ट बरोबर आणायचा ते त्याला कळतं आणि दुसरी फेरी लागत नाही.