डग्ग्याशेजारची जागा

दुपारचे सव्वातीन. बालगंधर्व रंगमंदिराच्या मागच्या दारातून ड्रमची खोकी आत येताहेत आणि प्रत्येक खोक्याबरोबर थोडा पाऊसही. आज 27 जून, पंचमदांचा, म्हणजे आर. डी. बर्मन यांचा, जन्मदिवस. संध्याकाळी त्यांच्याच गाण्यांचा कार्यक्रम आहे. मी विंगेत एका रिकाम्या केसवर बसलोय. समोर काका बेस गिटार मांडीवर आडवी धरून तिच्या मानेवरून एका डोळ्यानं बघताहेत, सुतार फळीचा बाक बघतो तसे.

"हलली बघ," ते म्हणतात. "पहिला पाऊस झाला की हलतेच."

चार तारा मिळून या मानेला 70-80 किलोंच्या ताणानं ओढत असतात. मेमधलं कोरडं लाकूड हा ताण एका तऱ्हेनं सोसतं, जूनमधलं ओलं दुसऱ्या. म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. काका खिशातून ॲलन की काढतात, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरतात, मधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघतात. मग की फिरवतात, जेमतेम पाव फेरा. कार्ड आता अडखळत जातं. "बास. याच्या पुढं गेलास तर मान मोडते."

मग ते मला तारांना हात लावून बघायला सांगतात. मी बोट फिरवतो. सळसळ नाही, खरखर नाही. घासून घासून गुळगुळीत झालेल्या पळीसारखा स्पर्श. या फ्लॅटवाउंड तारा, आतल्या तारेवर पोलादाची चपटी पट्टी गुंडाळलेल्या. बहुतेक पोरं राउंडवाउंड लावतात. तिच्यावर गोल तार गुंडाळलेली असते, आवाजाला धातूची धार येते. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या बेसवादक जॉन एंटविसलनं ती धार पुढं आणली. काकांना ती नकोच असते.

"किती जुन्या आहेत?"

"नऊ वर्षं."

डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटेपर्यंत बदलत नसे, हे ते मला पूर्वीच सांगून झालंय. पण काकांची सवय डेट्रॉइटहून आलेली नाही. त्यांच्या उमेदवारीत पुण्यात बेसच्या तारा सहज मिळत नसत. मुंबईहून कुणी येणार असेल तर निरोप धाडायचा. तोवर जुन्या तारा उतरवून पातेल्यात उकळायच्या. मळ सुटतो, दोन कार्यक्रमांपुरता आवाज उजळतो. त्यांच्या आईनं ते पातेलं वेगळं काढून ठेवलेलं होतं, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

साउंडचेक सुरू होतो. काका एकटेच वाजवतात आणि आवाज काय सुंदर येतो! भरलेला, गोल. साउंडवाला मागून अंगठा दाखवतो, "ओके काका, नेक्स्ट." मग तबला येतो. दोघं एकत्र वाजू लागतात आणि सगळा चिखल होतो. डग्ग्याची घुमार आणि बेसचा सूर एकाच खोलीत दोन माणसं एकाच वेळी बोलावीत तसे एकमेकांवर चढतात. शब्द कुणाचाच कळत नाही.

मला काकांकडून शिकायचं होतं ते हेच. पाश्चात्त्य बँडमध्ये बेसचा जोडीदार ड्रमचा किक. आपल्याकडे तिथं डग्गाही असतो, आणि डग्गा सूर दाबून वर-खाली नेतो, म्हणजे बेसच्याच अंगणात फिरतो. लिओ फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्याच्यासमोर हा प्रश्न नव्हता. तो आपला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही आपल्यालाच काढावं लागलं. पंचमदांकडे टोनी वाझ बेस वाजवत, त्या रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका. सूर लागतो आणि वेळेवर सोडलाही जातो. सोडणं हेच अर्धं काम आहे.

काका साउंडवाल्याला काही बोलत नाहीत. केबल ओढत जाऊन तबलजीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालतात. उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवतात आणि अंगठ्यानं वाजवतात. आता सूर उमटतो आणि लगेच मिटतो. त्यांची नजर डग्ग्यावरच्या मनगटावर आहे. मनगट सरकलं की काका थांबतात, टिचकी पडली की परत येतात. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला चिखल निवळतो. मागं साउंडवालाही काहीतरी फिरवतो. सगळी मिळून दहा मिनिटं. जुन्या, विझलेल्या तारा कशासाठी, ते आता मला कानानं कळतं. नव्या तारांचा सूर एवढ्या लवकर मिटत नाही.

2010 साली पुण्यात एनएच 7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला. काकांकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींनी बेस पहिल्यांदा छातीत ऐकला तो तिथंच. ती पाच तारांची गिटार घेऊन येतात. काका नाही म्हणत नाहीत. पण चौथ्या तारेचा खालचा सूर 41 हर्ट्झचा, त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब. कोरेगाव पार्कातल्या एखाद्या पबात ती भिंतीला आपटून कोपऱ्यात साचते. पाचवी तार त्याहूनही खाली जाते. "खोली बघ, मग तारा मोज," एवढंच ते सांगतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

बॅटरीवर चालणारी गिटारही त्यांनी सोडली. एकदा भर कडव्यात सेल संपला आणि गाण्याखालची जमीनच गेली. तेव्हापासून गिटार साधी. बॅगेत मात्र दोन केबली, गिटार मिक्सरला जोडायचा स्वतःचा डीआय बॉक्स, चिकटपट्टी आणि कोरडा पंचा. कार्यक्रमाच्या दोन तास आधी हजर. नाईट कितीची आहे, त्यावर यातलं काही ठरत नाही.

साडेपाच. तिसरी घंटा. पडदा वर जातो. पहिल्या गाण्याचं धृपद संपतं, तबला आत येतो आणि काका त्याच्या खाली अलगद जाऊन बसतात. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी डोळे मिटून पायानं ठेका धरताहेत. त्यांचा पाय बेसवर पडतोय.

गाण्याचे कार्यक्रम ठेवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: साउंडचेकच्या यादीत बेस आणि तबला वेगवेगळे लिहू नका. दोघांना एकत्र बसवा आणि दहा मिनिटं द्या.