राबाचा ताळेबंद

पावसाळ्यापूर्वी मुळशी खोऱ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा शेण, डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर मातीचा हात फिरवून पेटविले, की डोक्यावरून वाहून आणलेल्या भाऱ्यांच्या जागी करड्या राखेचा एक पातळ थर तेवढा शिल्लक राहतो. आणि एवढे वस्तुमान नाहीसे झाले, अशी पाहणाऱ्याची सहजच समजूत होते. फ्रान्सच्या राजाच्या करवसुलीच्या इजाऱ्यात भागीदार असलेल्या लव्हाझिए या रसायनज्ञाने बंद पात्रांत काटेकोर वजने करून ही समजूत खोडून काढली, आणि १७८९ च्या आपल्या ग्रंथात कोणत्याही क्रियेपूर्वी व क्रियेनंतर द्रव्याचे परिमाण सारखेच असते, हा नियम निःसंदिग्ध शब्दांत मांडला.

पाल्यातील मुख्य द्रव्य सेल्युलोज. त्याच्या एका घटकात कार्बनचे ६, हायड्रोजनचे १० व ऑक्सिजनचे ५ अणू असतात. तो पूर्ण जळाला, तर ६ कार्बनांपासून कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आणि १० हायड्रोजनांपासून पाण्याचे ५ रेणू झालेच पाहिजेत. परंतु त्यांत ऑक्सिजनचे अणू भरतात १७, आणि पाल्याने दिले अवघे ५. उरलेले १२, म्हणजे ऑक्सिजनचे ६ रेणू, हवेच्या नावे जमा धरल्यावाचून हिशेब जुळत नाही. समीकरण संतुलित करणे ते हेच: रेणूची घडण बदलण्याची मुभा नाही, केवळ रेणूंची संख्या ठरवावयाची. वजनात सांगावयाचे, तर १६२ किलो सेल्युलोज हवेतील १९२ किलो ऑक्सिजन घेते आणि २६४ किलो कार्बन डायऑक्साइड व ९० किलो पाण्याची वाफ देते. दोन्ही बाजूंस ३५४ किलो. जे नाहीसे झाले असे वाटले, त्याच्या दुपटीहून अधिक वजन वस्तुतः आकाशात गेले! प्रत्यक्षातील राब धुमसत जळतो, म्हणून थोडा कोळसा आणि धूरही निघतो. पण त्यांतील अणूही याच हिशेबात येतात.

राखेत पोटॅशियम, कॅल्शियम व फॉस्फरस पुष्कळसे टिकतात, आणि आचेने तणाचे बी मरते, हा राबाचा खरा लाभ. मात्र पाल्यातील बहुतेक नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो, आणि रोपाला तर त्याचीच मोठी निकड असते. म्हणून शेतकरी बांधवांस आग्रहाची विनंती, की बांधावर गिरिपुष्प लावावे, त्याचा हिरवा पाला, त्यातील नायट्रोजन मातीत राहावा म्हणून, न जाळता चिखलणीच्या वेळी खाचरातच गाडावा, आणि राबासाठी रानातील झाडांवर कोयता चालविणे शक्य तितके कमी करावे.