ग्रीष्मातील शीतगृह आणि विजेची बचत

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात ग्रीष्म ऋतुचर्या सांगताना ज्या निवासाचे वर्णन केले आहे, त्यात सुगंधी शीतल जलाने भिजविलेले पडदे आहेत. चरकाचार्यांनी या ऋतूत दिवसा शीतगृहात व रात्री वाऱ्याच्या गच्चीवर निद्रा सांगितली आहे. पाण्याचे बाष्प होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते, हेच तत्त्व वाळ्याच्या ताट्यांमागे आहे आणि आजच्या कूलरमागेही आहे.

तथापि उपाय योजताना देशविचार सोडून चालत नाही. विदर्भासारख्या जांगल प्रदेशातील कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो व साधारणतः दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भारावर सुमारे दीड हजार वॅट घेते. कोकण व गोवा या आनूप प्रदेशांत मात्र हवा आधीच आर्द्र असल्याने कूलर निरुपयोगी ठरून घुसमट वाढवितो. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि डासांची पैदास टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करावी.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. येथेही तोच न्याय लागू पडतो. गच्चीला पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पडदा लावावा, दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवून पहाटे उघडाव्यात. उष्णता आत आलीच नाही, तर ती बाहेर काढण्याचा खर्चही उरत नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसभर पंखे फिरणाऱ्या औषधालयात हा फरक वीजबिलात निश्चित जाणवतो.

वातानुकूलन आवश्यकच असेल, तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते प्रत्येक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशच ठेवण्यात आले आहे.

परंतु बचतीलाही मर्यादा आहे. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर केवळ पंख्याचा वारा शरीरास तापवू शकतो. अशा वेळी वृद्ध, बालक, गर्भिणी व हृद्रोगी यांना शीत खोलीतच ठेवावे. उष्माघाताची शंका आली, म्हणजे रुग्ण भ्रमिष्ट झाला वा बेशुद्ध पडला, तर त्याचे अंग भिजवून वारा घालीत त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे विजेचा हिशेब करू नये. औषधांच्या वेष्टनावर नमूद केलेले साठवणीचे तापमानही याच निष्ठेने पाळावे.

रुग्णास पथ्य सांगताना घराच्या पथ्याचेही दोन शब्द सांगितले, तर त्याची प्रकृती व त्याचा खर्च दोन्ही सांभाळले जातील.