दुभाजकातली कण्हेर हवा शुद्ध करत नाही

महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावतात, कारण तिला पाणी कमी लागतं, छाटणी सोसते आणि विषारी असल्यामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण ती हवा शुद्ध करते म्हणून लावली आहे, असंच बऱ्याच जणांना वाटतं. हा समज दूर करायला हवा, कारण त्याच्यामागे तिचा खरा उपयोग झाकला जातो. शहराच्या हवेत कोणते धातू कुठे जास्त आहेत, हे तिच्या पानांवरून कळू शकतं.

शिसं, कॅडमियम, तांबं हे धातू हवेत सूक्ष्म कणांच्या रूपात फिरतात. धातू कुजत नाही, जिरत नाही, झाडाला तो नाहीसा करता येत नाही. पानावर बसलेला कण पावसानं धुऊन मातीत जातो, गळलेलं पानही मातीतच जातं आणि सुकलेली माती वाहनांच्या झोतानं पुन्हा उडते. घरातल्या कुंड्यांच्या बाबतीत नासाच्या १९८९च्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. तो प्रयोग बंद पेटीत, बेन्झिन आणि फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनांच्या वाफांवर केलेला होता. धातूंशी त्याचा काही संबंध नाही.

मग कण्हेरच का? तिचं पान जाड आणि मेणचट असतं. खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, पर्णरंध्रं त्या खळग्यांच्या आत असतात आणि खळग्यांत केसांची दाट लव असते. या रचनेत धूळ अडकून राहते. शिवाय झाड सदाहरित असल्यामुळे एकेक पान कित्येक महिने हवेतलं जे येईल ते झेलत राहतं. तुर्कस्तानातल्या अंताल्या शहराचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कारखान्यांजवळची, रस्त्याकडेची, बागेतली आणि तुलनेसाठी ग्रामीण भागातली कण्हेरीची पानं घेऊन त्यांतलं शिसं, कॅडमियम, जस्त आणि तांबं मोजलं होतं. पानं धुऊन आणि न धुता, अशी दोन्ही प्रकारे तपासली होती.

धुण्याचा हा खटाटोप फार महत्त्वाचा आहे. पानात धातू सापडला म्हणजे तो हवेतूनच आला, असं धरून चालत नाही. जस्त आणि तांबं ही झाडाची पोषकद्रव्यं आहेत, मुळं ती मातीतून ओढून घेतात. शिसं मात्र मुळांतून पानांपर्यंत फारच थोडं चढतं, म्हणून पानावरच्या शिशाचा पुरावा जास्त भरवशाचा. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पानांतला फरक पृष्ठभागावर किती बसलं होतं ते दाखवतो. तेही सगळं नाही, कारण मेणात रुतलेले कण पाण्यानं निघत नाहीत. बसलेली धूळ नुसती उडालेली माती आहे का, हे पाहायला धातूचं ॲल्युमिनियमशी असलेलं प्रमाण स्थानिक मातीतल्या प्रमाणाशी ताडून बघतात.

पानं हिरवीगार आहेत म्हणजे हवा ठीक, हाही अंदाज चुकीचा. धातू साचले तरी कण्हेर तगून राहते, म्हणूनच ती या कामाची.

शिसंयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झालं. त्यामुळे आता मोजण्यासारखं काही उरलं नाही, असं काही जण म्हणतात. पण ब्रेक झिजताना तांबं आणि अँटिमनी उडतं, टायर झिजताना जस्त. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांतून शिसं आजही बाहेर पडतं.

पानातला आकडा सरकारी मानकाशी ताडून पाहणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. भारताच्या २००९च्या मानकांनुसार हवेत शिशाची वार्षिक सरासरी घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. पानातला आकडा असतो सुक्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये. एकावरून दुसरा थेट काढता येत नाही. हवा मोजणारं यंत्र कुठे बसवायचं, हे मात्र वनस्पती नक्की दाखवू शकते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१३ साली झाडांवरच्या शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले, तेव्हा रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांजवळ कॅडमियम उठून दिसलं. नंतर तिथे बसवलेल्या यंत्रांनी ते हवेतही पकडलं. हवेवर देखरेख ठेवणारी यंत्रं महाग आणि मोजकी असतात. झाडं मात्र गल्लोगल्ली असतात.

आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर पावसाळ्याचं भान हवं. अंताल्यासारख्या भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत उन्हाळा कोरडा असतो, आपल्याकडे जूनपासून पानं सतत धुतली जातात. एप्रिलची पानं ऑगस्टच्या पानांशी ताडून उपयोग नाही. सगळीकडची पानं एकाच हंगामात, एकाच उंचीवरून, सारख्या वयाची घ्यावीत. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड आहे, त्याची पानं यात मिसळू नयेत. दोन्ही झाडं विषारी आहेत, त्यामुळे नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात हातमोजे हवेतच.