दाराशीं आलेला परका

लहान मुलांची गोष्ट म्हटली कीं ती मुलांनीं ऐकावी आणि वडील मंडळींनीं आपापल्या उद्योगास लागावें, असा बहुतेक घरांतला परिपाठ असतो. परंतु कांहीं गोष्टी मुलांसाठीं रचलेल्या असूनही त्यांतील प्रश्न वडील माणसांनाच अधिक झोंबतो. ऑस्ट्रेलियांत १९६४ व १९६५ या सालीं दूरचित्रवाणीवर दाखविली गेलेली ‘द स्ट्रेंजर’, म्हणजे ‘परका’, ही बालमालिका या जातीची आहे. ही कृष्णधवल मालिका २०२० सालीं तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेनें पुन्हां प्रेक्षकांस उपलब्ध करून दिली. तिचा अल्प परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें.

ऑस्ट्रेलियांत दूरचित्रवाणी १९५६ सालीं सुरू झाली. आरंभींचीं कित्येक वर्षें तिच्यावर अमेरिकेंतील व ब्रिटनमधील कार्यक्रमांचाच भरणा असे, आणि तेथील मुलें परक्या देशांतील घोडेस्वारांचे गोळीबार पाहत बसत. अशा वेळीं ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशननें आपल्याच भूमीवर, आपल्याच नटांकडून एक विज्ञानकथा उभी करविली. लेखक जी. के. साँडर्स हे मुलांसाठीं रेडिओवर नाटकें लिहिण्यांत मुरलेले गृहस्थ होते. पहिल्या वर्षीं सहा व दुसऱ्या वर्षीं सहा असे मालिकेचे एकूण बारा भाग झाले, आणि पुढें ती ब्रिटनमध्येंही दाखविली गेली. विलायतेहून नित्य माल आणणाऱ्या देशानें स्वतःचा माल विलायतेस पाठवावा, हें त्या काळीं थोडें नव्हतें.

कथानक असें. एका मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या दाराशीं एक अनोळखी मनुष्य कोसळलेल्या अवस्थेंत सांपडतो. आपण कोण व कोठले, हें त्यास आठवत नाहीं. त्याचें बोलणें सुसंस्कृत, विद्वत्ता उघड, वागणें सौम्य. त्यास ॲडम सुईस असें नांव मिळतें व तो त्याच शाळेंत शिकवूं लागतो. ही भूमिका रॉन हॅड्रिक या नामांकित नटानें केली आहे. मुख्याध्यापकांचा मुलगा बर्नी, मुलगी जीन व त्यांचा मित्र पीटर यांस मात्र कांहीं गोष्टी चमत्कारिक वाटूं लागतात. तीं त्याचा माग काढीत सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्स या डोंगरांत जातात, आणि अखेर कळतें कीं हा पाहुणा या पृथ्वीवरचाच नव्हे. तो सोशुनिस नांवाच्या दुसऱ्या जगांतून आला आहे. त्याचे लोक आश्रय शोधीत आहेत. युद्ध करून पृथ्वी बळकवावी असा त्यांचा हेतु नाहीं. येथें शांततेनें राहूं द्यावें, एवढीच त्यांची याचना आहे.

आतां यांत देखावे म्हणावे तर बेताचेच. आजच्या मुलांनीं जीं अवकाशयानें पाहिलीं आहेत, त्यांपुढें हीं अगदीं साधीं वाटतील. परंतु लेखकानें कल्पित गोष्टीस खऱ्या भूमीचा टेंका दिला आहे. डोंगर खरे आहेत, शाळा आपणांस ओळखीची वाटेल अशी आहे, आणि पार्क्स येथील जी अजस्र रेडिओ-दुर्बीण मालिकेंत दिसते तीही खरीच आहे. ६४ मीटर व्यासाची ही दुर्बीण १९६१ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. पुढें १९६९ सालीं मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेवलें तेव्हां त्याचीं चित्रें जगास पोहोंचविण्यांत याच दुर्बिणीचा मोठा वांटा होता. आकाशाकडे कान लावून बसलेलें असें यंत्र आपल्याच मुलखांतील मेंढ्यांच्या कुरणांत उभें आहे, हें जाणणाऱ्या मुलांस आकाशांतून कोणी येणें सर्वस्वीं अशक्य वाटलें नसेल.

परंतु या मालिकेचें खरें सामर्थ्य यंत्रांत नसून तिनें विचारलेल्या प्रश्नांत आहे, आणि तो प्रश्न ज्या देशांत विचारला गेला तें लक्षांत घेतल्यावांचून त्याची धार कळत नाहीं. १९०१ च्या कायद्यानें ऑस्ट्रेलियानें गोऱ्या नसलेल्या लोकांस आपलें दार बंद केलें होतें. येणाऱ्यास एखाद्या युरोपीय भाषेंतील पन्नास शब्द लिहावयास सांगत. भाषा कोणती, तें अधिकारी ठरवी. अर्थात् ज्यास नाकारावयाचें तो नापास होणार, हें आधींच ठरलेलें असे. १९३४ सालीं एगोन किश या प्राग येथील लेखकास अनेक भाषा येत, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत घेतली गेली! ही परीक्षा १९५८ सालीं बंद झाली. पण वर्णभेदाचें धोरण १९६६ पासून सैल होत होत १९७३ सालींच पुरतें संपलें. दुसरीकडे, महायुद्धानंतर युरोपांतील सुमारें एक लाख सत्तर हजार निर्वासितांस याच देशानें आसरा दिला होता. म्हणजे दार उघडें होतें, पण सर्वांस नव्हे. आमच्या कित्येक वाचकांचीं मुलें-नातवंडें आज सिडनी-मेलबर्न येथें सुखानें नांदत आहेत. ही मालिका प्रथम दाखविली गेली त्या वर्षीं त्यांच्यासारख्या बहुतेकांस तें दार लावलेलेंच आढळलें असतें.

अशा देशांतील मुलांपुढें साँडर्स यांनीं परग्रहावरचा निर्वासित आणून उभा केला. मुलें त्यास आधीं संशयानें पाहतात, मग ओळखतात, आणि ओळख पटल्यावर त्याची बाजू घेतात. वडील माणसें मात्र हिशेब मांडूं लागतात. प्रकरण देशाच्या पंतप्रधानांपर्यंत जातें. किती लोक, कोठें, कशावर, आणि त्यांचा भरंवसा काय, असे प्रश्न निघतात. हे प्रश्न खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. घर चालविणाऱ्यास धान्याचा डबा पाहावाच लागतो. मात्र मुलांनीं माणूस आधीं पाहिला व डबा मागाहून, हा क्रम आमच्या मनांत घर करून राहिला. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. सोशुनिसचे लोक दिसावयास हुबेहूब तेथील गोऱ्या लोकांसारखेच आहेत. आपल्यासारख्या दिसणाऱ्या परक्यास जवळ करणें त्या मानानें सोपें. लेखकानें त्यापुढची पायरी चढावयास हवी होती.

आपण आतिथ्याचा अभिमान बाळगणारे लोक आहों. पूर्वीं आपल्या घरोघरीं वार लावून जेवणारा विद्यार्थी पानावर बसत असे, आणि त्याची आठवण आजही वृद्ध माणसें कौतुकानें सांगतात. परंतु जेवून जाणारा पाहुणा निराळा आणि राहावयास आलेला निराळा. शिवाय ज्या ओसरीवर त्या विद्यार्थ्याचें पान मांडलें जाई, तिच्या पायरीशीं कित्येकांस जन्मावरून थांबविलें जाई, हेंही आपणच सांगितलें पाहिजे. दुसऱ्यांच्या कायद्यास नांवें ठेवतांना आपला उंबरठा विसरतां कामा नये. त्याचबरोबर एक चांगली गोष्टही आठवावी. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेल्या सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें होती. त्यांत बायका-मुलेंच फार. त्यांच्या शाळा तेथें चालत, त्यांचे सण तेथें होत. पंचगंगेच्या कांठच्या माणसांनाही तीं मुलें दुसऱ्या जगांतून आल्यासारखींच वाटलीं असतील. तरी शेजार झाला, आणि त्याची आठवण दोन्हीं देशांत जपली गेली.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, ही मालिका मिळाली तर ती मुलांस लावून देऊन वडील मंडळींनीं उठून जाऊं नये. एखादे संध्याकाळीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावी. इंग्रजी न कळणाऱ्या धाकट्यांस थोरल्यांनीं अर्थ सांगावा. आणि ती संपल्यावर मुलांस एकच विचारावें: “असा कोणी उद्यां आपल्या दाराशीं आला, तर त्यास कोणती खोली द्यायची?” मुलें उत्तर तत्काळ देतील. मग तोच प्रश्न तीं आपणांस विचारतील, तेव्हां आपलें उत्तर तयार असावें.