हीटिंगचा हिशेब मीटरशी का जुळत नाही?

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाचे, जावई कामधंद्यानिमित्त ब्रिटनमध्ये राहतात. तिकडे साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर गरम ठेवावे लागते आणि घरखर्चातील ही एक मोठी बाब आहे. अलीकडे बऱ्याच घरांत स्मार्ट थर्मोस्टॅट बसले आहेत. आज किती ऊर्जा जळाली ते मोबाइलच्या ॲपवर दिसते. परंतु महिनाअखेर कंपनीचे बिल हातात पडते तेव्हा ॲपचा आकडा एक आणि बिलाचा दुसरा! काही जण लगेच कंपनीवर लबाडीचा संशय घेतात. काही जण ॲपच्या भरवशावर बिलाची रक्कम अडवून धरतात आणि थकबाकीच्या नोटिसा ओढवून घेतात. ही तफावत कोठून येते व ती शोधायची कशी, याचा खुलासा येथे करीत आहोत. खतावणी मिळवून पाहण्याची सवय असलेल्या व्यापारी वाचकांना हा विषय जड जाऊ नये.

सर्वप्रथम हे पाहावे की ॲपमधला आकडा मोजलेला आहे की अंदाजलेला. काही ॲप थेट स्मार्ट मीटरमधून आकडा घेतात. तेथे तफावत सहसा थोडी असते. पण ज्या घरात गॅसचा बॉयलर आहे तेथे भिंतीवरील थर्मोस्टॅटचा गॅसच्या पाइपशी काहीही संबंध नसतो. खोलीचे तापमान ठरलेल्या अंशाखाली गेले की तो बॉयलरला उष्णतेची मागणी पाठवतो, एवढेच त्याचे काम. ही मागणी दिवसातून किती तास चालू होती हे त्याला ठाऊक असते. त्या तासांना बॉयलरच्या छापील शक्तीने गुणले की अशा ॲपचा आकडा तयार होतो.

समजा, बॉयलर २४ किलोवॅटचा आहे आणि मागणी ४ तास चालू होती. ॲप म्हणणार ९६ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या बोलीत ९६ युनिट. प्रत्यक्षात आजचे बॉयलर पूर्ण ज्योतीवर फार थोडा वेळ चालतात. पाणी तापत आले की ज्योत आपोआप बारीक होते. पाणी पुरेसे तापले की थर्मोस्टॅटची मागणी चालू असतानाही ती विझते, थोड्या वेळाने पुन्हा पेटते. सरासरी ९ किलोवॅट पडली तर खरा खर्च ३६ युनिटच्या आसपास येईल. माग किती तास चालू होता एवढ्यावरून कापड किती निघाले हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. धागा किती वेळा तुटला, बॉबिन किती वेळा बदलली, हे त्यात कोठेच येत नाही.

उलट बाजूही आहे. ज्या बॉयलरमधून नळाचे गरम पाणीही येते, त्यात आंघोळीसाठी जळालेला गॅस थर्मोस्टॅटला कळतच नाही. स्वयंपाकाची शेगडी गॅसची असेल तर तोही खर्च बाहेर राहतो. म्हणजे एकीकडे आकडा फुगतो, दुसरीकडे गळतो. कधी कधी दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि हिशेब जुळल्यासारखा दिसतो. माझ्या मते असा जुळलेला हिशेब सर्वांत धोक्याचा, कारण मग कोणी तपासायलाच जात नाही.

दुसरी मोठी गफलत मापाची. गॅसचे मीटर युनिट दाखवत नाही, ते गॅसचे आकारमान दाखवते. नव्या मीटरवर घनमीटर असतात, जुन्या मीटरवर शंभर घनफुटांचा एक आकडा. असा एक जुना आकडा म्हणजे २.८३ घनमीटर. आपल्या कापडाच्या धंद्यात वार आणि मीटर यांचा घोळ झाला तर शंभरामागे साडेआठाचा फरक पडतो. येथे तो जवळजवळ तिपटीचा पडतो. कंपनीच्या दप्तरी मीटरची नोंद चुकीच्या जातीत झाली असेल, किंवा ॲपमध्ये मीटरचा प्रकार निवडताना चूक झाली असेल, तर बिल आणि ॲप यांचा मेळ कधीच बसणार नाही. ॲपचा आकडा बिलाच्या २.८ पट किंवा त्याच प्रमाणात कमी दिसला तर दुसरे काही पाहण्याआधी मीटरच्या तबकडीवर काय छापले आहे ते वाचावे.

घनमीटरचे युनिट करण्याचा हिशेब बिलावर दिलेला असतो, तरी फारसे कोणी तो वाचत नाही. घनमीटरला १.०२२६४ ने गुणायचे, ही दाब व तापमानाची दुरुस्ती. मग गॅसच्या कसाने गुणायचे, ज्याला तिकडे कॅलरिफिक व्हॅल्यू म्हणतात. शेवटी ३.६ ने भागायचे. कस ३९.५ धरला तर १०० घनमीटरचे सुमारे ११२२ युनिट होतात. हा कस कायम एकच नसतो. तो साधारण ३७.५ ते ४३ च्या दरम्यान बदलतो आणि बिलावर त्या मुदतीचा आकडा छापलेला असतो. ॲपने एकच ठोकळ आकडा धरला असेल तर थोडाफार फरक राहणारच. त्यावरून भांडण काढू नये.

वेळेचा मुद्दाही आहे. विजेचे स्मार्ट मीटर घरातील छोट्या पडद्याला दर १० सेकंदांनी आकडा देते. गॅसचे मीटर बॅटरीवर चालते, म्हणून ते अर्ध्या तासाने देते. सकाळी हीटिंग लावून पाच मिनिटांत पडद्यावर गॅस शून्य दिसला म्हणून घाबरू नये. शिवाय मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे असतात. मीटरची नोंद मात्र मूळ वेळेने राहते. त्यामुळे रात्रीचा शेवटचा तास एका ॲपमध्ये आज आणि दुसऱ्यात उद्या पडू शकतो. म्हणून एका दिवसाची तुलना करण्याऐवजी पूर्ण आठवड्याची करावी.

आता हीट पंप. हे यंत्र विजेवर चालते आणि बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढते. १ युनिट वीज घेऊन ते ३ युनिटच्या आसपास उष्णता देऊ शकते. ॲपमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात आणि उष्णतेचा आकडा विजेचा समजून घेतला की तिप्पट बिलाची भीती बसते. त्यातही उष्णतेचा आकडा नाजूक असतो. मिनिटाला १५ लिटर पाणी फिरते आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक आहे, तर उष्णता ५.२ किलोवॅट भरते. तापमापक पाइपवर सैल बसला आणि ५ ऐवजी ६ अंश दिसले, तर एकदम २० टक्के उष्णता कागदावर वाढते. पंप फार किफायतशीर चालल्याचा भास होतो, बिल मात्र होते तेवढेच राहते. विक्रेत्याने अशा ॲपचा आकडा दाखवून फायदा सांगितला, तर त्याच मुदतीचे विजेच्या मीटरचे वाचन मागावे.

काही घरांत तारेभोवती चिमट्यासारखा मापक लावतात. तो एकाच तारेभोवती हवा. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्यात आल्या तर आकडा शून्याजवळ येतो. चिमटा पूर्ण मिटलेला नसेल तरी आकडा कमी येतो. छतावर सौर पॅनेल असतील तर मापक उलटा बसल्यास घेतलेली वीज दिलेली दिसते. मेन बोर्डात हात घालण्याचे हे काम इलेक्ट्रिशियनलाच द्यावे.

तपासणीचा साधा मार्ग पुढीलप्रमाणे. रात्री मीटरचा फोटो काढावा. रात्रभर शेगडी, गरम पाणी बंद ठेवून फक्त हीटिंग चालवावी. सकाळी पुन्हा फोटो काढावा. दोन वाचनांतील फरकाचे वरीलप्रमाणे युनिट करावेत आणि ॲपच्या त्याच तासांच्या आकड्याशी ताडून पाहावेत. असे तीन-चार रात्री केले की ॲप दर वेळी एकाच प्रमाणात चुकते की वेडेवाकडे चुकते ते कळते. एकाच प्रमाणात चुकत असेल तर दोष गुणकात आहे, आणि काही ॲपमध्ये बॉयलरची शक्ती बदलून तो सुधारता येतो. वेडेवाकडे असेल तर वायफाय तुटून नोंदी गळत असण्याची शक्यता तपासावी.

खुद्द मीटरवर संशय आला तर कंपनीकडे चाचणी मागता येते, पण मीटर बरोबर निघाले तर खर्च आपल्यावर येऊ शकतो. त्याआधी बिलावरील वाचन प्रत्यक्ष आहे की कंपनीचा अंदाज, एवढे बघावे. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. कंपनीच्याच चुकीने जुनी बाकी निघाली, तर २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे घरगुती ग्राहकाकडून १२ महिन्यांपूर्वीच्या वापराची वसुली करता येत नाही. उर्दूत म्हणतात, हिसाब जौ जौ, बख्शीश सौ सौ. तेव्हा फोटो जपून ठेवावेत.

आपल्याकडे हीटिंग म्हणजे बहुधा गीझर. त्यावर लावलेला स्मार्ट स्विच नुसता वेळ मोजून २ किलोवॅटने गुणत असेल तर तोही असाच चुकतो. गीझरवरची शक्ती २३० व्होल्टला लिहिलेली असते. संध्याकाळी दाब २१० वर आला तर तोच गीझर सुमारे १६७० वॉट घेतो. घरातील इतर सर्व काही बंद करून फक्त गीझर चालू ठेवावा आणि मीटरचा लाल दिवा मिनिटभर मोजावा. मीटरवर एका युनिटला १६०० इम्पल्स लिहिले असतील, तर २ किलोवॅटला तो सुमारे ५३ वेळा लुकलुकेल, २१० व्होल्टला ४४ वेळा.